संशोधनाच्या नोंदीत बाई कुठे असते?

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने नागपूर येथे स्त्री-गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सर सी. व्ही. रामन यांना प्रकाशाविषयीचा तो प्रसिद्ध शोध लागला. म्हणून १९८७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. शाळांमध्ये त्यांच्या फोटोला हार घातला जातो, मुलं भाषणं करतात. रामन यांचं आपल्या नागपूरशीही थोडं नातं आहे. शास्त्रज्ञ म्हणून नाव होण्यापूर्वी ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि १९१० च्या सुमारास काही काळ त्यांची नेमणूक नागपुरात होती. रामन मोठे शास्त्रज्ञ होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आज मी त्यांच्याबद्दल बोलणार नाही. त्यांनी जिला संस्थेच्या दारातून परत जायला सांगितलं आणि जी परत गेली नाही, त्या बाईबद्दल बोलणार आहे.

तिचं नाव कमला भागवत. लग्नानंतर कमला सोहोनी. विषय जीवरसायनशास्त्र, म्हणजे आपल्या अन्नात आणि शरीरात चालणारं रसायनशास्त्र. तुमच्यापैकी किती जणींनी हे नाव ऐकलंय? चार-पाच हात वर आले. आणि दुर्गाबाई भागवत? बघा, जवळजवळ सगळ्याच. कमलाबाई या दुर्गाबाईंची धाकटी बहीण. आणीबाणीत ठामपणे उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई आपल्याला माहीत आहेत, ते योग्यच आहे. पण त्यांच्या बहिणीने तिच्या क्षेत्रात तेवढाच ठामपणा त्याच्या चाळीस वर्षं आधी दाखवला होता, हे आपल्या चळवळीलाही फारसं ठाऊक नाही.

मी नागपुरात तीस वर्षांहून जास्त काळ मुलींना अन्नशास्त्र शिकवलं. माझ्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत कमलाबाईंचं नाव नव्हतं. त्यांनी काढलेले निष्कर्ष मात्र होते, नाव गाळून. तेव्हा आजचा माझा प्रश्न साधा आहे. एखाद्या शास्त्रज्ञाच्या कामाची नोंद म्हणजे नक्की काय? त्या नोंदीत काय लिहिलं जातं, काय गळतं आणि जे गळतं ते पुन्हा पुन्हा बायकांचंच कसं असतं?

अटींवर मिळालेला प्रवेश

कमलाबाईंचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. आपणही तिथेच जायचं हे मुलीने लहानपणीच ठरवलेलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला त्या पहिल्या आल्या आणि बंगळूरला अर्ज केला. त्याच वर्षी रामन त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

वडील आणि काका त्यांना समजावायला गेले, उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि संचालकांना विचारलं, कोणत्या नियमाने मला नाकारता ते दाखवा. दारात सत्याग्रहाला बसण्याचीही तयारी दाखवली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या रीतसर विद्यार्थिनी धरल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि त्यांच्या असण्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ही तिसरी अट नीट ऐका. लक्ष विचलित होईल मुलग्यांचं आणि त्याची जबाबदारी मुलीची! साठ-पासष्ट वर्षांनी, १९९७ मध्ये, विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामाची जागा बाईसाठी सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. २०१३ मध्ये तसा कायदा झाला. त्या अटीपासून या कायद्यापर्यंतचा रस्ता आपण चालत आलो आहोत. पण विद्यापीठांच्या वसतिगृहांत मुलींना संध्याकाळी अमुक वाजता आत घेणारे आणि मुलांना मोकळं सोडणारे नियम बघा. ती तिसरी अट अजून पुरती मेलेली नाही.

कमलाबाईंना मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. कडक, पण शिकवायला मन लावणारे. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम केलं. प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर केला आणि एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह मिळवली. रामन यांचंही मत बदललं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुष्कळ लेखांत ही गोष्ट इथे गोड शेवट करून संपवतात. कमलाबाईंनी मात्र ती तशी संपवली नाही. पुढे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या संघटनेने त्यांचा सत्कार केला तेव्हा, म्हातारपणी, त्यांनी स्पष्ट सांगितलं की तो माझा अपमान होता आणि तो मी विसरले नाही. एक नोबेल मिळालेला माणूस असं वागतो तर इतरांकडून काय अपेक्षा करायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. यश मिळालं की बाईने झालेलं सगळं विसरावं, अशी अपेक्षा असते. त्या विसरल्या नाहीत, म्हणून तर आज आपल्याकडे त्या अटींची नोंद आहे. संस्थेच्या अहवालावर विसंबून राहिलो असतो, तर 'अमुक साली एक विद्यार्थिनी दाखल' एवढंच उरलं असतं.

बटाटा, लिंबू आणि श्वास

१९३७ च्या डिसेंबरात कमलाबाई केंब्रिजला गेल्या. न्यूनॅम हे तिथलं बायकांचं कॉलेज. काम फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. हॉपकिन्स यांना १९२९ मध्ये जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं आणि स्त्री-संशोधकांना काम देणारी प्रयोगशाळा म्हणून ती जागा ओळखली जायची. पुढे 'क' जीवनसत्त्व म्हणून ओळखलेला पदार्थ सेंट-ग्योर्गी यांनी वेगळा काढला, त्या कामातला मोठा भागही याच प्रयोगशाळेतला.

तिथे कमलाबाईंनी केलेलं काम सांगते. शास्त्र म्हणून घाबरू नका, सगळं आपल्या ओट्यावरचंच आहे.

बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो. का? चिरल्यावर त्याच्या पेशी फुटतात, आतलं एक विकर, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो, ते मोकळं होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने आतल्या पदार्थांचा रंग बदलतं. याला ऑक्सिडीकरण म्हणायचं. त्यावर लिंबू पिळलं तर काळपटपणा उशिरा येतो, कारण लिंबातलं आम्ल त्या विकराला थोपवतं आणि त्यातलं 'क' जीवनसत्त्व ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेतं. हे जे मारा स्वतःवर घेणारे पदार्थ, त्यांनाच आज अँटिऑक्सिडंट म्हणतात. तुमच्या आईने, आजीने फोडींवर लिंबू पिळलं तेव्हा त्यांनी हा प्रयोगच केला होता, फक्त तो कुठे छापून आला नाही.

कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर याच जातीच्या विकरांवर काम केलं, पण प्राण्यांच्या शरीरातल्या. तो निबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. मग रॉबिन हिल यांच्याबरोबर त्या वनस्पतींकडे वळल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हा पदार्थ सापडला आणि तो वनस्पतींच्या पेशींमध्ये सर्वत्र असतो हे लक्षात आलं.

हा सायटोक्रोम काय करतो? आपण अन्न खातो, पेशी ते ऑक्सिजनच्या मदतीने जाळते. पण चुलीसारखं भडकन नाही. बांधकामावर बायका ओळीने उभ्या राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तसे या जळणातून निघालेले सूक्ष्म विद्युत्कण एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. शेवटच्या टप्प्यावर घमेलं हातात घेऊन पुढच्याला देणारा जो, तो सायटोक्रोम-सी. प्राण्यांच्या पेशीत ही रांग आहे हे माहीत होतं. वनस्पतीतही तीच आहे, हे दाखवण्यात कमलाबाईंचा वाटा होता. म्हणजे बटाटा आणि बटाटा चिरणारी बाई, दोघींचा आतला श्वास एकाच पद्धतीने चालतो.

त्या रांगेत कधी एखादं घमेलं सांडतं. त्यातून ऑक्सिजनची फार तापट रूपं तयार होतात आणि ती पेशीला इजा करतात. ती आवरण्यासाठी शरीराकडे स्वतःची विकरं आहेत. त्यातलं एक महत्त्वाचं विकर १९६९ मध्ये अमेरिकेत ओळखलं गेलं. शिवाय अन्नातून येणारी 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वं आहेत. अँटिऑक्सिडंटचं आजचं सगळं शास्त्र उभं आहे ते पेशीच्या श्वासाच्या या ज्ञानावर. १९३९ मध्ये बाटल्यांवर हा शब्द छापत नव्हते. पण पायाचे जे दगड बसले, त्यांतला एक या मराठी मुलीने बसवला.

प्रबंध लिहिला तो अवघ्या चाळीस पानांचा, चौदा महिन्यांच्या कामावर. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. पण एक गंमत ऐका. गंमत कसली, संतापाची गोष्ट. केंब्रिज विद्यापीठ १९४८ पर्यंत बायकांना पदवीचा फक्त किताब देत असे. पदवीबरोबर येणारं विद्यापीठाचं सभासदत्व आणि मताचा हक्क पुरुषांपुरता. तेव्हा बंगळूर मागासलेलं आणि विलायत सुधारलेली, असं समजू नका. दोन्हीकडे दार होतं, दोन्हीकडे उंबरठा होता.

कमलाबाईंना विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणतात. जानकी अम्माळ यांनी त्याआधी अमेरिकेत मिशिगनला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती, म्हणून काही जण वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. 'पहिली' म्हटलं की फोटो लागतो आणि काम वाचायचं राहून जातं.

नावात दुभंगलेली नोंद

परत आल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सांभाळला. तिथून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरला त्यांना पुढे जायला वाट दिसेना, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे मुंबईच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

आता ग्रंथालयात जा आणि त्यांचे निबंध शोधा. १९३८ आणि १९३९ चे निबंध 'के. भागवत' या नावाने. हिल यांच्याबरोबरचा वनस्पतींच्या श्वसनावरचा मोठा निबंध १९५१ मध्ये छापला गेला, लग्नानंतर चार वर्षांनी, तोही 'के. भागवत'. त्यानंतर डाळींवरचं, भाज्यांवरचं, नीरेवरचं सगळं काम 'के. सोहोनी'. ज्याला ठाऊक नाही त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतील. एकाने दहा-बारा वर्षांत काम थांबवलं, दुसऱ्याने मध्येच सुरू केलं, असं वाटेल. आणि दोन्हीकडे नुसतं 'के.' त्यामुळे ती बाई आहे हेसुद्धा कळायचं नाही.

पुरुषाच्या संशोधनाची यादी सलग असते. बाईची यादी लग्नाच्या तारखेला मोडते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या बढतीच्या वेळी माहेरच्या नावाचे तीन निबंध धरले गेले नाहीत. 'ह्या कोण?' असं विचारलं गेलं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. हजेरीपटापासून रेशनकार्डापर्यंत बाईचं नाव बदलायची घाई सगळ्यांना असते आणि बदललेलं नाव जुळवायची जबाबदारी एकट्या तिची असते.

मुंबईच्या त्या संस्थेच्या कमलाबाई पुढे संचालक झाल्या, पण हक्काच्या वेळेपेक्षा सुमारे चार वर्षं उशिरा. त्यांच्या कामाच्या यादीत ही चार वर्षं दिसत नाहीत. दिसतं ते फक्त 'संचालक' एवढंच पद. कुन्नूरचा राजीनामाही दिसत नाही, दिसतं ते 'मुंबईत रुजू'. संशोधनाची यादी काय झालं ते सांगते. काय होऊ दिलं नाही ते सांगायला तिच्यात रकानाच नाही.

वालाची उसळ आणि बाईचा वेळ

मुंबईत त्यांनी जे काम उभं केलं ते गरिबाच्या ताटातल्या अन्नावरचं. वाल घ्या. आपल्याकडे हिवाळ्यात ओले दाणे येतात, पुष्कळ घरी त्यांना पोपटाचे दाणे म्हणतात. वाल हे प्रथिनांचं चांगलं साधन. पण कच्च्या वालात प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारे पदार्थ असतात. रक्तातल्या पेशींच्या गुठळ्या करणारेही असतात. म्हणजे खाल्लं तरी अंगी लागत नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत भारतीय अन्नपदार्थांतल्या या अडवणाऱ्या पदार्थांवर एकामागून एक निबंध लिहिले. भिजवल्याने, मोड आणल्याने हे पदार्थ काहीसे कमी होतात, आणि पाण्यात नीट शिजवल्याने बहुतेक नष्ट होतात, हे आज शास्त्राला पक्कं ठाऊक आहे.

आपल्या घरातल्या बायका काय करतात? वाल रात्री भिजत घालायचे, पाणी टाकून द्यायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे, मऊ शिजवायचे. कुणी शिकवलं? सासू-आईने. म्हणजे पोटाला जे कळलं होतं ते प्रयोगशाळेने मोजून दाखवलं. मी याला 'आपले पूर्वज सगळं जाणत होते' असं म्हणणार नाही, ती भाषा मला नको. हजारो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून, चुकून, सुधारून मिळवलेलं हे ज्ञान आहे. शास्त्राने ते तपासलं, म्हणून आज कोणतं पाऊल का घ्यायचं ते आपण सांगू शकतो. दोघींचंही काम लागतं.

पण इथे एक गोष्ट निबंधात कधी येत नाही. हे सगळं करायला किती वेळ लागतो? सरपण किती लागतं? शेतमजूर बाई सकाळी सहाला स्वयंपाक उरकून निघते. सरपण तिला दोन कोसांवरून आणायचंय, गॅसची टाकी संपली तर नवी घ्यायला पैसे नाहीत. ती वाल अर्धेकच्चे उतरवणार किंवा वाल शिजवणारच नाही. मग पोषणाचे तज्ज्ञ येतात आणि म्हणतात, बायकांना आहाराची जाणीव नाही! जाणीव आहे. वेळ नाही, जळण नाही आणि मदतीला दुसरे हात नाहीत. पोषणाच्या प्रत्येक सल्ल्यात बाईची न मोजलेली मेहनत गृहीत धरलेली असते.

कमलाबाईंचं सगळ्यात गाजलेलं काम नीरेवरचं. डॉ. राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. ताडाची, शिंदीची ताजी नीरा. त्यात 'क' जीवनसत्त्व, 'अ' जीवनसत्त्व आणि लोह असल्याचं त्यांनी दाखवलं, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायकांना ती दिल्याने त्यांची तब्येत सुधारते हे नोंदवलं. त्यासाठी राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की त्यांनी विचारलं, गरोदर आदिवासी बाईला तिच्या हाताशी असलेल्या कोणत्या वस्तूतून बळ मिळेल? संशोधनाचा प्रश्नच तिच्यापासून सुरू झाला.

असाच प्रश्न त्यांच्याआधी लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईने विचारला होता. तीही न्यूनॅमचीच. १९२८ मध्ये ती मुंबईला आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी जो जीवघेणा रक्तक्षय होत होता, तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे तिने १९३१ मध्ये दाखवलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आजचं फॉलिक आम्ल. अंगणवाडीत आपण लोहाची गोळी घेतो, तिच्या जोडीला जे फॉलिक आम्ल असतं, त्याची सुरुवात मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून झाली. त्या बायकांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत.

बाटलीतलं विज्ञान आणि ताटातलं

आता आजच्या बाजाराकडे या. अँटिऑक्सिडंट हा शब्द आता प्रत्येक डब्यावर आहे. पावडरी, गोळ्या, रस, गोरं करणारी मलमं. बचत गटांतल्या बायकांनाच ते विकायला लावतात, साखळी करून. म्हणून हे ठणकावून सांगते. अन्नातून मिळणारं 'क' जीवनसत्त्व चांगलं, म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळ्या अधिक चांगल्या, असं होत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांना घेऊन मोठी पाहणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. आणि हेही लक्षात ठेवा, फिनलंडच्या त्या पाहणीत सगळे पुरुष होते. पुरुषांवर तपासलेलं औषध बायकांना विकताना कुणी ते सांगत नाही.

आपल्यापुढचा प्रश्न रक्तक्षयाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. आधीच्या फेरीपेक्षा जास्त. डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात शिरायला 'क' जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह अडतं. हे स्वस्त आहे आणि शास्त्राने तपासलेलं आहे. पण एवढ्यावर सभा संपवली तर मीही त्या सल्लागारांच्यातलीच होईन. काटोल-वरुडचा संत्र्याचा पट्टा आपल्या शेजारी आहे. तरी शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात संत्र्याची फोड येते का? घरात कोण आधी जेवतं, कुणाच्या वाटीत भाजी उरते आणि बाईच्या हातात मजुरी किती पडते, यावर तिच्या रक्तातलं लोह ठरतं.

कमलाबाईंना हे कळत होतं असं मला वाटतं. १९६६ मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी मिळून ग्राहकांची संघटना सुरू केली. भेसळ ओळखायला शिकवणारी, वजनमाप तपासणारी. कमलाबाई त्या संघटनेत सक्रिय होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या आणि तिच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहीत राहिल्या. केंब्रिजची डॉक्टर बाई हळदीतली, दुधातली भेसळ कशी ओळखायची हे घरच्या बायकांसाठी लिहीत होती. विद्वानांच्या यादीत हे लेख 'संशोधन' म्हणून धरत नाहीत. मी धरते.

आपण काय करायचं

१९९८ मध्ये, उतारवयात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला. ते सुचलं परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना. त्या कार्यक्रमातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. एका बाईने दुसरीची नोंद शोधून काढली, पण किती उशिरा!

२०२३ च्या जानेवारीत आपल्या नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस झाली. विषय होता स्त्रियांचं सक्षमीकरण आणि शाश्वत विकास. मंडप मोठे होते. पण मंडप उठल्यावर काय उरलं ते आपण विचारायला हवं. म्हणून चार कामं सुचवते.

पहिलं. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत, प्रयोगशाळांत काम केलेल्या बायकांची यादी करू. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं एकत्र लिहू. प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या, नमुने गोळा करणाऱ्या मदतनीस बायकाही त्यात येतील.

दुसरं. पीएच.डी. करणाऱ्या मुलींना नियमांनुसार बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. पुष्कळ मुलींना हे माहीतच नसतं, मार्गदर्शक सांगत नाहीत. ही माहिती प्रत्येक वसतिगृहात लावू. तिथेच महाविद्यालयाच्या तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोनही लावू.

तिसरं. आपल्या गटांतल्या शेतमजूर, आदिवासी बायकांकडे रानभाज्या, मोह, अंबाडी, जवस यांबद्दल जे ठाऊक आहे ते लिहून घेऊ. कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितलं ते तिच्या परवानगीने, तिच्या नावासकट लिहू. उद्या कुणी संशोधक येऊन त्यावर निबंध लिहील, तेव्हा ते नाव त्यात असलं पाहिजे.

चौथं. कोणी अँटिऑक्सिडंटचा डबा घेऊन आलं, तर विचारायचं, हे कोणावर तपासलं? त्यात बायका किती होत्या? कोणी तपासलं आणि पैसे कोणी दिले? हे चार प्रश्न विचारणारी बाई शास्त्रज्ञच असते, तिच्याकडे पदवी असो वा नसो.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका तरी बाईची नोंद आणावी. कागद मी आणते, नावं तुम्ही आणा.